ब्रिसलनोज प्लेको: नेमका मासा ओळखण्यापासून पिल्ले वाढवण्यापर्यंत

घरच्या टाकीत अंडी घालणाऱ्या माशांची पैदास करून पाहावी असे ज्यांना वाटते, त्यांना मी ब्रिसलनोज प्लेकोपासून सुरुवात करायला सांगतो (प्लेको म्हणजे तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खरवडणारे मासे). अंड्यांची राखण करणे, त्यांच्यावर सतत पाणी खेळते ठेवणे आणि खराब झालेली अंडी बाजूला काढणे ही सगळी कामे या माशाचा नर स्वतः करतो, त्यामुळे पाळणाऱ्याने फारसा हात घालण्याची गरजच उरत नाही. तरीही नवशिक्यांचे काम दोन ठिकाणी हमखास अडते. एक तर ब्रिसलनोज समजून दुकानातून भलताच मासा घरी येतो, नाहीतर अंडी व्यवस्थित फुटूनही पुढच्या तीन-चार आठवड्यांत पिल्ले एकेक करून दगावतात. मधला सगळा टप्पा नर सांभाळतो. म्हणून या दोन टप्प्यांची तयारी आपण आधी करून ठेवायची, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आधी मासा नीट पाहून घ्या

ब्रिसलनोज हे अ‍ॅन्सिस्ट्रस या प्रजातीतील माशांचे व्यवहारातले नाव आहे. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि पराग्वे या नद्यांच्या खोऱ्यांत या प्रजातीच्या अनेक जाती आढळतात. आपल्याकडे दुकानात मिळणारा तपकिरी, फिकट ठिपक्यांचा मासा मात्र पिढ्यानपिढ्या टाक्यांमध्येच वाढलेला असतो आणि तो अमुक एका जातीचा आहे असे ठामपणे सांगता येत नाही. टाकीवर सिर्होसस किंवा डॉलिकॉप्टेरस अशी चिठ्ठी लावलेली असली तरी तिच्यावर विसंबू नये. खरा डॉलिकॉप्टेरस, ज्याला हौशी मंडळी एल १८३ या क्रमांकाने ओळखतात, तो रिओ निग्रोच्या मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे. काळ्या अंगावर बारीक पांढरे ठिपके आणि पंखांना पांढरी किनार असे त्याचे रूप असते. नळाच्या पाण्यात त्याची पैदास करणे नवशिक्याला जड जाते, त्यामुळे सुरुवात साध्या तपकिरी माशापासूनच करावी.

खरा घोटाळा होतो तो ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या माशाशी. तो टेरिगोप्लिक्थिस या वेगळ्या प्रजातीचा असतो. पाच सेंटिमीटरचे त्याचे पिल्लू दिसायला गोंडस असले तरी मोठेपणी ते एक ते दीड फूट वाढते आणि घरच्या टाकीत त्याची पैदास होत नाही, कारण निसर्गात तो नदीकाठच्या मातीत लांब बिळे खोदून त्यात अंडी घालतो. ब्रिसलनोज सहसा दहा ते तेरा सेंटिमीटरवर थांबतो.

दुकानदाराला मासा पारदर्शक पिशवीत किंवा काचेच्या भांड्यात काढून दाखवायला सांगावे आणि पाठीवरचा पंख उभारलेला असताना त्यातल्या काड्या मोजाव्यात. सकरच्या पंखात पुढच्या जाड काट्यामागे दहा किंवा त्याहून अधिक मऊ काड्या असतात, त्यामुळे तो पंख शिडासारखा लांब आणि उंच दिसतो. ब्रिसलनोजच्या पंखात काट्यामागे साधारण सात काड्या असतात आणि पंख आखूड असतो. सात काड्यांचे इतरही प्लेको असतात, म्हणून एवढ्यावर न थांबता डोक्याकडे पाहावे. ब्रिसलनोजचे डोके रुंद आणि चपटे असते, आणि अंगभर हाडांची कवचे असली तरी थूथनाची (तोंडावरच्या पुढच्या भागाची) पुढची कड मात्र उघडी, मऊ मांसाची असते. गालांवर मागे वळलेले बारीक काटे असतात, जे मासा घाबरला की बाहेर काढतो. या काट्यांमुळे तो जाळीत अडकतो आणि सोडवताना त्याला इजा होते, म्हणून या माशाला शक्यतो जाळीने न पकडता प्लॅस्टिकच्या डब्यात ढकलून पकडावे.

पांढरट-पिवळा, लाल डोळ्यांचा अल्बिनो पाहिला की तो ब्रिसलनोजच असणार असे अनेकांना वाटते, परंतु सकरचेही अल्बिनो वाण बाजारात असते. रंग काहीही असला तरी काड्या मोजण्याची सवय सोडू नये.

नर आणि मादी

पाच-सहा सेंटिमीटर लांबी होईपर्यंत नर-मादी ओळखण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. त्यानंतर नराच्या थूथनावर मऊ मांसल धुमारे फुटू लागतात. ते थूथनाच्या कडेबरोबरच कपाळाच्या मध्यावरूनही वर चढतात आणि वयात आलेल्या नरात त्यांना फांद्याही फुटलेल्या दिसतात. मादीला एकतर धुमारे नसतात किंवा फक्त ओठाच्या वरच्या कडेला आखूड असे एकच ओळभर असतात. अशी ओळ पाहून तिला लहान नर समजण्याचा घोळ वारंवार होतो. कपाळाच्या मध्यावर काहीच नसेल आणि वरून पाहताना डोक्यापेक्षा पोट रुंद वाटत असेल, तर ती मादी समजावी. नराच्या या धुमाऱ्यांविषयी १९९९ साली काही मत्स्यशास्त्रज्ञांनी असा विचार मांडला, की ते दुरून पिल्लांसारखे भासतात आणि पिल्ले सांभाळणारा नर मादीला अधिक पसंत पडतो.

वयात आलेली जोडी मिळाली तर उत्तमच. ती न मिळाल्यास चार-पाच सेंटिमीटरची पाच किंवा सहा पिल्ले आणावीत, म्हणजे त्यांत दोन्ही असण्याची शक्यता बरीच वाढते. शक्य असेल तर ती दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्यावीत. एकाच घाण्याची भावंडे पुन्हापुन्हा एकमेकांशी लावल्याने आखूड अंगाची किंवा कल्ल्यांची झाकणे अपुरी असलेली पिल्ले निघू लागतात. साधारण आठ ते बारा महिन्यांत मासे पैदाशीला येतात. शेवटी टाकीत एक नर आणि एक किंवा दोन माद्या ठेवाव्यात. दोन नर ठेवायचे झाल्यास टाकी मोठी हवी आणि दोघांच्या गुहा टाकीच्या दोन टोकांना हव्यात, नाहीतर एकच जागा बळकावण्यासाठी ते एकमेकांना जखमी करतात.

टाकी आणि पाणी

एका जोडीसाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी सोयीची पडते. तिच्यात सुमारे दीडशे लिटर पाणी मावते. दोन फुटी टाकीत जोडी अंडी घालते खरी, पण पिल्ले निघाल्यावर पाण्याची प्रत राखणे कठीण होते. टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागल्यावरच टाकी तयार झाली असे मानावे.

पाण्याच्या बाबतीत हा मासा सोशिक आहे. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात आणि तापमान २३ ते २७ अंश सेल्सिअस असेल तर तो निर्धास्त राहतो. बोअरचे पाणी जड असले तरी तो त्यात जगतो आणि बऱ्याचदा अंडीही घालतो, मात्र संगमरवराचे तुकडे किंवा शिंपले टाकून ते आणखी जड करू नये. नगरपालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी अँटी-क्लोरीन वापरावे. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा ही मात्र खरी अडचण आहे, कारण पाणी तिशीच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि हे मासे श्वासासाठी पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागतात. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा, आणि नेहमीचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येत नाही.

टाकीत ड्रिफ्टवूडचा, म्हणजे टाकीसाठी मिळणाऱ्या वाळक्या लाकडाचा, एक तरी तुकडा असावा. मासे त्यावरचा जैविक थर दिवसभर खरवडत राहतात. नवे लाकूड आधी उकळून आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावे. त्यानंतरही पाण्याला चहासारखा रंग आला तर घाबरण्याचे कारण नाही.

गुहा

गुहेशिवाय पैदास होत नाही, आणि गुहेच्या मापात चूक झाली तर नर तिच्याकडे फिरकत नाही. एका टोकाला बंद असलेली, आतून चार ते पाच सेंटिमीटर व्यासाची आणि बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची नळी सर्वांत चांगली. नर आत शिरल्यावर त्याच्या अंगाला भिंती जवळजवळ लागल्या पाहिजेत, कारण तो काटे पसरून आत घट्ट बसतो आणि शेपटीने अंड्यांवर पाणी ढकलतो. फार ऐसपैस गुहेत हे पाणी इकडेतिकडे जाते आणि मादीही सहज निसटते.

अशी नळी तयार मिळते, परंतु ओळखीचा कुंभार असेल तर त्याच्याकडून न रंगवलेली, चकाकी न दिलेली आणि पक्की भाजलेली नळी करून घेणे मला अधिक आवडते. कोकणात आणि गावाकडे जुन्या घरांची नळीची कौले मिळतात. दोन कौले एकमेकांवर उपडी जोडून मागचे टोक दगडाने बंद केले की तेही काम होते. पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि त्याला एका बाजूने टोपण, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे; फक्त आतला गुळगुळीतपणा सॅंडपेपरने घालवावा म्हणजे अंडी चिकटून राहतात. गुहा तळावर, मागचे टोक किंचित खाली झुकेल अशी आणि तोंड फार जोराच्या प्रवाहात येणार नाही अशी ठेवावी. तोंड आपल्या बाजूला असावे, म्हणजे रात्री मंद टॉर्चने आत पाहता येते.

जोडीला तयार करणे

ब्रिसलनोज शेवाळ खातो म्हणून त्याला वेगळे खाणे लागत नाही, हा समज त्याच्या मुळावर येतो. काचेवरचे शेवाळ एका आठवड्यात संपते. रोज संध्याकाळी दिवा मालवल्यावर शेवाळाच्या गोळ्या आणि आलटून पालटून काकडी, दोडका, लाल भोपळा, वाफवलेला पालक किंवा सोललेले मटार द्यावेत. भाजी नीट धुऊन, अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी न विसरता काढावा. पैदाशीच्या आधी दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) द्यावेत. यामुळे मादीचे पोट अंड्यांनी भरते आणि समोरच्या काचेला ती चिकटली की पोटाची गोलाई स्पष्ट दिसते.

मादी अशी भरलेली दिसली की टाकीतले तीस ते चाळीस टक्के पाणी बदलावे आणि नवे पाणी टाकीपेक्षा तीन-चार अंशांनी थंड घालावे. मूळ प्रदेशात पावसाळ्यात नद्यांना येणारे थंड पाणी हा त्यांच्यासाठी अंडी घालण्याचा इशारा असतो. एकदा बदलून काही झाले नाही, तर तीन-चार दिवसांनी पुन्हा तसेच करावे. आपल्याकडेही पावसाळी, ढगाळ दिवसांत जोड्या अधिक लवकर लागतात, हा बऱ्याच हौशी लोकांचा अनुभव आहे. त्यामुळे जून-जुलै हे पहिल्या प्रयत्नाला चांगले महिने आहेत. घरात उन्हाळ्याची गरमी असताना हा खटाटोप करू नये.

अंडी आणि नर

नर आधी गुहा आतून पुसल्यासारखी खरवडून स्वच्छ करतो आणि तोंडाशी बसून शेपटी हलवू लागतो. मादी काही वेळा दिवसभर दाराशी ताटकळते, काही वेळा आत जाऊन बाहेर येते. एकदा दोघे आत गेले की त्यांना अजिबात हलवू नये. दुसऱ्या दिवशी मादीचे पोट बसलेले आणि नर बाहेर यायला तयार नसलेला दिसला, तर अंडी झाली असे समजावे. टॉर्चच्या उजेडात नराच्या पोटाखाली ज्वारीच्या दाण्याएवढ्या नारिंगी अंड्यांचा चिकट घोस दिसतो. पहिल्या खेपेला वीस-तीसच अंडी असतात. पुढे ती शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतात.

या काळात नर जवळजवळ काही खात नाही. तो बारीक झाला म्हणून काळजी करू नये आणि त्याच्यासाठी खाणे गुहेत ढकलू नये. २६-२७ अंशांना अंडी साधारण पाच ते सात दिवसांत फुटतात, पाणी थंड असेल तर दहा दिवसही लागतात. बाहेर आलेली पिल्ले भल्यामोठ्या पिवळ्या बलकासह गुहेच्या भिंतीला चिकटून बसतात आणि बलक संपेपर्यंत आणखी सात ते दहा दिवस नरच त्यांना आत ठेवतो.

कोवळा नर पहिल्या एक-दोन वेळा अंडी गुहेबाहेर फेकतो. अशी अंडी टाकीतच टांगलेल्या जाळीच्या पेटीत ठेवून शेजारी हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडावा, म्हणजे त्यांच्यावर हलके पाणी खेळत राहील. पांढरी पडलेली अंडी रोज चिमट्याने काढावीत, नाहीतर त्यांवरची बुरशी चांगल्या अंड्यांवर पसरते. मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे निळे औषध वापरायचे असेल तर अंडी वेगळ्या भांड्यात घेऊन पाणी फिकट निळे होईल इतकेच घालावे. मोठ्या टाकीत ते कधीही घालू नये, कारण फिल्टरमधले जिवाणू त्याने मरतात. तांबे असलेली औषधेही या माशांपासून दूर ठेवावीत.

पिल्लांचे पहिले दोन महिने

खरी कसोटी इथून सुरू होते. बलक संपलेली पिल्ले गुहेतून बाहेर पडून काचेवर, लाकडावर पसरतात, आणि टाकी स्वच्छ दिसते म्हणून त्यांना खायला मिळत असणार असे आपण धरून चालतो. तिसऱ्या आठवड्यात संख्या निम्म्यावर येते, तेव्हा त्याची कारणे बहुतेक वेळा उपासमार आणि खराब पाणी हीच असतात.

म्हणून पिल्लांसाठी वेगळी, दीड-दोन फुटी, तळावर वाळू नसलेली टाकी घ्यावी आणि तिचा स्पंज फिल्टर जोडीची तयारी सुरू करताच मोठ्या टाकीत लावून ठेवावा. पाच-सहा आठवड्यांत त्या स्पंजवर जिवाणूंचा थर तयार होतो, आणि तोच स्पंज पिल्लांच्या टाकीत हलवला की तिला पहिल्या दिवसापासून चालता फिल्टर मिळतो. पिल्ले त्या स्पंजवरचा थरही चरतात. टाकीत मोठ्या टाकीतलेच पाणी भरावे. जागा नसेल तर मोठ्या टाकीतच टांगलेली मोठी पेटीही चालते, फक्त तिच्यात पाणी सतत वाहते हवे. मोठ्या टाकीच्या फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवायला विसरू नये, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात.

पिल्लांसमोर चोवीस तास काहीतरी खाणे असले पाहिजे. वाफवलेल्या पालकाचे पान आणि काकडीची चकती स्टीलच्या चमच्यात अडकवून तळाशी ठेवावी. दिवसातून दोन-तीन वेळा शेवाळाच्या गोळीचा किंवा स्पिरुलिनाचा (एक प्रकारच्या सुकवलेल्या शेवाळाचा) चुरा थोडाथोडा टाकावा. पुरेसे मिळते की नाही हे पाहण्याची सोपी पद्धत म्हणजे काचेला चिकटलेल्या पिल्लाचे पोट बाहेरून पाहणे. पोट गोल आणि पालक खाल्ल्यावर हिरवट दिसत असेल तर ठीक आहे. पोट आत गेलेले आणि डोके अंगापेक्षा मोठे वाटत असेल, तर खाणे त्याच दिवशी वाढवावे.

एवढे खाणे म्हणजे तेवढीच घाणही, आणि हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. हवेच्या पंपाची बारीक नळी सायफन म्हणून वापरून रोज तळाची विष्ठा आणि कुजके तुकडे बादलीत ओढून घ्यावेत. ओढले गेलेले पिल्लू बादलीत दिसते आणि परत सोडता येते. रोज किंवा एक दिवसाआड वीस ते पंचवीस टक्के पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे. जोडीला चेतवण्यासाठी घातलेले थंड पाणी पिल्लांना मात्र सोसत नाही. अशा निगेत आठ ते दहा आठवड्यांत पिल्ले अडीच-तीन सेंटिमीटरची होतात आणि मग त्यांच्या मरण्याची भीती बरीच कमी होते.

रंगांच्या वाणांविषयी

अल्बिनो हा गुण सुप्त असतो. अल्बिनो आणि तपकिरी अशी जोडी लावली तर सगळी पिल्ले सहसा तपकिरीच निघतात, मात्र ती तो गुण पोटात बाळगून असतात, आणि अशा दोघांच्या संततीत सरासरी चौथा हिस्सा अल्बिनो निघतो. लांब पंखांचा गुण याउलट प्रभावी आहे, त्यामुळे जोडीतला एकच मासा लांब पंखांचा असला तरी पिल्लांपैकी निदान निम्मी तशी निघतात. पिवळ्या अंगाचा, काळसर-निळ्या डोळ्यांचा जो प्रकार एल १४४ म्हणून विकला जातो, तो अल्बिनोपेक्षा वेगळा आहे आणि दोघांची जोडी लावल्यास तपकिरी पिल्ले निघतात. वाण शुद्ध ठेवायचे असेल तर एका टाकीत एकच वाण ठेवावे.

वाढलेली पिल्ले

तीन-चार सेंटिमीटरची पिल्ले दुकानात किंवा इतर हौशी लोकांकडे द्यायला हरकत नाही. द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नये, म्हणजे पिशवीतले पाणी खराब होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेली जागा हवेसाठी ठेवावी, आणि मोठ्या पिल्लांसाठी काटे लागू नयेत म्हणून दुहेरी पिशवी वापरावी. कोणी घेत नाही म्हणून एकही मासा विहिरीत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नये. टाक्यांमधून सुटलेल्या सकरने केरळपासून कोलकात्याच्या पाणथळ जागांपर्यंत आपली वस्ती केली आहे आणि त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात.

पिल्लांना जागा उरली नसेल तर पैदास काही काळ थांबवावी. निरोगी जोडी महिन्याभरात पुन्हा अंडी घालते आणि दरवेळी उपाशी राहणारा नर त्यात खंगतो, म्हणून दोन-तीन खेपांनंतर गुहा टाकीतून काढून ठेवावी. त्याला लपायला लाकडाच्या आडोशाची जागा द्यावी आणि दीड-दोन महिन्यांनी त्याचे पोट व गालांवरचे मांस पुन्हा भरलेले दिसले की गुहा परत आत ठेवावी.